मिरचीचे मोड

आईची तेरवी झाली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "तिनं ठेवलेल्या बियांची रोपं करून लावते, मगच भोपाळची गाडी धरते." आई करायची तसं मिरचीचं बी ओल्या फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी फ्रिजमागे उबेला ठेवली. आठवड्यात मोड यायला हवे होते. आज एकोणीस दिवस झाले. रोज सकाळी गाठ सोडायची, बी जसंच्या तसं बघायचं आणि पुन्हा बांधायचं.

"जुनं बी हाय, बाई. टाइम लागते," बाबा म्हणतात. "तुले काहून एवढी घाई होऊन राहिली?"

दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. टाकीच्या आडोशाला, दुधाच्या पिशव्यांत माती भरून लावलेली, मिरचीची दोन-दोन पानांची रोपं होती. शेजारी फोडलेल्या सुक्या मिरच्यांची सालं पडली होती. मोड आलेलं बी बाबा पहाटेच काढून नेत होते आणि फडक्यात दुसरं ठेवत होते.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, तसा बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "आले का मोड? कधी निघतेस?" पलीकडून प्रश्न आला.


"नाही जी," मी म्हणाले, "अजून दहा-पंधरा दिवस तरी लागतील."