ताटलीभोवती सात सह्या

"तेओदोरोच्या नावाखाली माझी सही? मेलो तरी नाही," म्हणत मानोंग एल्पिदियोने कागद मागे सरकवला. तो हिरव्या गटाचा म्होरक्या; बेटावर थोरल्या पुरुषाला मानोंग म्हणत, थोरल्या बाईला मानांग.

क्रिसांताने कागद उचलला. आज ती तिसऱ्यांदा त्याच्या दारात आली होती. निळ्यांच्या तेओदोरोनेही सकाळी हेच ऐकवलं होतं, फक्त नाव बदलून.

बेटाच्या कचेरीत सात सभासद. तीन निळे, तीन हिरवे आणि वारा येईल तशी पाठ फिरवणारा एक. त्यांच्या ओढाताणीत दवाखान्याला आठ महिने कुलूप होतं. क्रिसांताची भाची लुवी सुईणपण शिकून आलेली, पण तिच्या नेमणुकीचा कागद सात सह्यांशिवाय शहरात नगराध्यक्ष घेत नव्हता. मार्चमध्ये क्रिसांताची सून अडली आणि शहराकडे नेताना होडीतच गेली. मयताच्या जागरणाला सातही जण आले, रिवाजाप्रमाणे पत्ते खेळले, तेही दोन वेगळ्या टेबलांवर. त्यांना कॉफी क्रिसांतानेच दिली होती.

"मानोंग, दवाखाना उघडायचा की नाही?"

"उघडायचा ना. पण मजकुरात 'हिरव्यांच्या शिफारशीने' असं घाल."

"निळ्यांना चालेल?"

"त्यांना विचारतंय कोण?" तो हसला. "खरं सांगू, मानांग? आम्ही नसतो तर नगराध्यक्षानेच तुझी लुवी एका दिवसात नेमली असती. आम्ही आहोत, म्हणून तर दारात येतेस."

क्रिसांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कागदाची घडी घातली आणि ती निघाली.

वीस वर्षं ती कचेरीत टाइपिंग करत होती. ठराव तिने लिहायचे आणि यांनी न वाचता सह्या ठोकायच्या, हा शिरस्ता. घरी येऊन तिने कोऱ्या कागदावर ताटली उपडी ठेवली आणि भोवती पेन्सिल फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद तिने सभेच्या टेबलावर ठेवला.

"गोलाभोवती सह्या करा. गोलाला ना डोकं, ना पाय. कोणी कोणाच्या खाली नाही."

तेओदोरोने कागद फिरवून फिरवून पाहिला. "मधे कोरं का?"

"शब्दांवरून पुन्हा जुंपेल तुमची. मजकूर मी नंतर घालते. त्यात कोणाचाच रंग येणार नाही."

"शपथ?"

"माझ्या सुनेची शपथ."

एल्पिदियोने भुवया उंचावल्या. बेटावर याचा अर्थ हो. त्याने सही केली, तसा तेओदोरोही बरोबर समोरच्या बाजूला सही करून मोकळा झाला. मग बाकीच्यांनी केल्या. सातवा शेवटी, सगळ्यांची तोंडं बघून.

"बघ, झालं ना आमच्यामुळे तुझं काम?" एल्पिदियो निघताना म्हणाला. "विसरू नकोस."

"नाही विसरणार, मानोंग."

शहराची होडी दहाला सुटायची होती. क्रिसांताने कागद टाइपरायटरमध्ये चढवला आणि वर्तुळाच्या मधोमध एकच वाक्य टाइप केलं: 'भोवती सह्या केलेले आम्ही सातही जण आजपासून सभासदपदाचा राजीनामा देत आहोत.'