पाइपवरचे दोन ठोके

एअरोसिटीतल्या आमच्या सोसायटीत टाक्या धुतल्या की पाइपात हवा अडकते. मग हे गच्चीवर जायचे, व्हॉल्व्ह उघडून पाइपवर दोन ठोके मारायचे. ते ऐकून मी स्वयंपाकघरातला नळ सोडायचे. एअरफोर्सच्या प्रत्येक क्वार्टरमध्येही आमचं हेच चालायचं. आमचा मजला शेवटचा, म्हणून गच्चीची एकुलती एक किल्ली आमच्याकडेच असते. हे गेल्यावर काल पहिल्यांदाच टाक्या धुतल्या. आज सकाळी प्लंबरची वाट बघत मी कणीक मळत होते. पाइपवर दोन ठोके पडले. पिठाच्या हातानेच मी नळ सोडला. तो खोकला, गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. तेवढ्यात बेल वाजली. दारात प्लंबर उभा. “लेट हो गया, आंटीजी. छत की चाबी दे दो.” किल्ली खिळ्यावरच होती. मी दार अर्धं लोटलं. “कल आना. आज साहब ऊपर हैं.”