केसभर खाली

कापडी अस्वलाला डोळ्यांच्या जागी काळ्या टाचण्या खोचून घड्याळजी तासभर बघत बसले होते. “काका, नजरेनेच किल्ली देताय का त्याला?” शिवणवर्गात शिकवणाऱ्या बाई हसल्या. “पण बघा हं, डोळ्यामागची चकती एकदा दाबली की ब्रह्मदेव आला तरी डोळा निघायचा नाही.” घरी बायको कुणालाच ओळखेनाशी झाली होती, ओळखीचं उरलं होतं ते लहानपणचं अस्वल. तेही इस्पितळात हरवलं आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. म्हणून जुना फोटो समोर ठेवून सत्तरीत हे शिवणकाम चाललं होतं. घड्याळजींनी टाचण्या केसभर खाली घेतल्या आणि तिथे डोळे बसवले. संध्याकाळी बायकोने अस्वल उलटंसुलटं करून पाहिलं. “हे माझं नाही.” मग तिने अस्वलाला शालीत घेतलं. “कुणाचं का असेना, उपाशी दिसतंय. वाढा की आम्हाला दोघांना.”