दादाचा धक्का

"सर, तुमचा सगळ्यात उंच प्लेअर बॉल आला की बाजूला का सरकतो?"

धाकटीनं विचारून टाकलं एकदाचं. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि आता त्याच दोघी जाळीमागे तोंडावर दप्तरं धरून खिदळत होत्या. ती जागची हलली नाही. महिन्यापूर्वी तिनं वर्गात उभं राहून साधं उत्तरसुद्धा दिलं नसतं.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच थकलेले दिसले. "तुझाच भाऊ ना तो? मग तूच सांग बाई. मी वर्षभर विचारतोय."

तिचा दादा बास्केटबॉलच्या रिंगखाली उभा होता. कॉलेजात त्याला मनोरा म्हणत. बारावीचे मार्क काठावरचे, जागा मिळाली ती खेळाच्या कोट्यातून, निव्वळ उंचीवर. उद्या स्पर्धेसाठी संघाची नावं जाणार होती. त्यात तो नसला की कॉलेजातली जागाही गेली. घरी दोन दिवस बाबा कोणाशी बोलत नव्हते.

"पुन्हा," सर म्हणाले आणि त्यांनी बॉल रिंगवर आदळवला.

रिंगवरून उडालेला बॉल उंच माणसाला मिळत नाही, जागा धरणाऱ्याला मिळतो. आधी समोरचा माणूस शोधायचा, त्याला पाठीवर घ्यायचं, बूड लावून मागे रेटायचं आणि मग उडी. दादाला हे तोंडपाठ होतं. तो वळला, पाय फाकवले, गुडघे वाकवले, सगळं कसं पुस्तकात असावं तसं. मग डब्याचं अंग त्याच्या पाठीला लागलं. डबा म्हणजे त्याच्या बगलेपर्यंत येणारा चौकोनी पोरगा. अंग लागलं मात्र, मनोरा दार उघडावं तसा बाजूला झाला. वर म्हणाला, "सॉरी."

"सॉरी काय? चहालाच बोलव ना आता," बॉल काखेत मारून डबा म्हणाला.

बचावातही तेच. समोरून कोणी घुसला की दादा त्याला वाट करून देई.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली. "मनोऱ्या, तुझं नाव मी कुठल्या तोंडानं देऊ?"

दादा बाकावर जाऊन बसला, डोक्यावर टॉवेल घेऊन. धाकटी शेजारी टेकली. टॉवेलच्या आतून आवाज आला, "मला जमतच नाही गं. पाठीला कोणी लागलं की हातपाय गार पडतात. का, ते देवाला ठाऊक."

देवाला असेलच. पण धाकटीलाही ते एकदम कळलं. घरच्या पॅसेजमधून ती आली की दादा भिंतीला चिकटतो. सोफ्यावर ती बसली की हा उठून खुर्चीवर जातो. जिन्यात ती उतरून जाईपर्यंत हा वर थांबतो. इतकी वर्षं तिला वाटत होतं, दादा भिडस्त आहे.

ती उठली आणि थेट कोर्टवर गेली. "डब्या, सरक. तुझ्या जागी मी. दादा, ये. मला रेट."

पोरं हसली. दादानं टॉवेल काढला. "घरी चल."

"नाही येत."

"आई काय म्हणेल?"

"आई जे म्हणाली तेच तर तुझ्या पाठीत बसलंय."

सर मध्ये पडायला निघाले, तेवढ्यात दादाचा आवाज फाटला. "सर, तिला बाहेर काढा. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. मी तिसरीत होतो. तिला घरी आणलं त्या दिवशी आईनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं, तुझा धक्का लागला तर ही जाईल."

जाळीमागचं खिदळणं थांबलं.

"आणि गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तेही सांग की," धाकटी म्हणाली. "धाव, पड, मारामाऱ्या कर, म्हणाल्या. तू तिथेच होतास. पण ऐकलं कोणी? आईनं नाही, बाबांनी नाही, तू तर नाहीच."

सरांनी दादाला खुणेनं रिंगखाली बोलावलं. मग बॉल रिंगवर टाकला.

दादा वळला, तिचं अंग लागलं, आणि तो बाजूला झाला. बॉल एक टप्पा खाऊन धाकटीच्या हातात आला. "सॉरी," तो पुटपुटला. दुसऱ्यांदाही तेच. आता पोरंसुद्धा हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्या पाण्याचाच राग आला.

"उद्या तुझी जागा गेली ना दादा, तर ती माझ्यामुळे गेली असं मी जन्मभर म्हणेन. त्या ओझ्यानं माझ्या हृदयाला काय व्हायचं ते होऊ दे."

बॉल रिंगवर आदळला. मनोरा वळला. त्याची पाठ आली, भरलेलं कपाट सरकावं तशी आली, आणि धाकटी फरशीवर सपशेल आडवी झाली.

बॉल दादाच्या दोन्ही हातांत होता, वर, रिंगजवळ. डोळे गच्च मिटलेले. खाली बघायची त्याची हिंमत होईना.

"बघ ना," ती फरशीवरून म्हणाली. कोपर सोलवटलं होतं, श्वास लागला होता आणि ती हसत होती.

सरांनी शिट्टी परत गळ्यात अडकवली. "नावं उद्या दुपारपर्यंत थांबवतो. पण हेच डब्याच्या बाबतीत दिसलं पाहिजे. सकाळी या. दोघंही."

घरी आईला दारातच ते कोपर दिसलं. तिचा हात आधी मुलीच्या छातीवर गेला. मग तिनं मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"कोणी पाडलं?" बाबांनी विचारलं. दोन दिवसांतले त्यांचे ते पहिले शब्द.

"दादानं," धाकटी म्हणाली. "आणि सकाळी मी परत पडायला जाणार आहे. तुम्ही दोघंही बघायला या."