मधला कप
“यंदा दुप्पट माल द्या,” आमची कॉफी नेणारा व्यापारी म्हणाला. “दुप्पट हवा तर कच्ची फळंही तोडावी लागतील. चव बिघडली की तुम्हीच तोंड फिरवाल,” मी फटकन सुनावलं. नवऱ्याने टेबलावर वेगवेगळ्या बागांतल्या कॉफीचे बिननावाचे तीन कप मांडले. व्यापाऱ्याने चमचा बुडवून फुर्रकन घोट ओढला, मीही ओढला. मधल्या कपाशी थांबले. “हीच आमची! झोपेतही ओळखेन.” व्यापाऱ्याने मान डोलावली. नवरा खाकरला. “ती वहिनीच्या बागेतली. चव बघायला म्हणून सकाळीच मागून आणली.” झालं! पाण्याच्या वाटणीवरून थोरल्या जावेशी माझा अबोला होता. मधलं कुंपण दरवर्षी मीच उंच करत होते. व्यापारी हसला. “मग दोन्ही बागांतली पिकलेलीच फळं तोडा. माझी गरज भागली.” धुतलेला चमचा घेऊन मी कुंपणापाशी गेले. हाक मारणार तोच पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, “किती वेळ लावलास! चमचा घेऊन केव्हाची उभी आहे.”