कावळ्यासमोर दिलेला शब्द

बोटाला चीर पडली तरी मारुतीराव थांबले नाहीत. बोट धोतराला पुसून त्यांनी तार पुन्हा दाबली. तार किंचाळली. परसातल्या भिंतीवर बसलेला कावळा उडून गेला.

"उठून गेला," मारुतीराव पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला.

मनुबाई, त्यांची सून, स्वयंपाकघरात गेली. सासऱ्यांनी मेंडोलिन मांडीवर घेतलं की ती अशीच आत जायची. मारुतीराव मनात म्हणत, जाणारच. ज्यानं नवऱ्याला या वाद्यापायी घराबाहेर काढलं, त्याच्याच हातात ते तिनं कसं बघावं?

गुंडू त्यांचा एकुलता एक. आपल्याला कचेरीत चिकटवायला निघालेल्या बापाला त्यानं सांगितलं, मी बायोस्कोपच्या तंबूत मेंडोलिन वाजवणार. "घरात एक तर हा खोका राहील, न्हायतर मी," मारुतीराव ओरडले होते. गुंडूनं खोका उचलला, बायको घेतली आणि कॅम्पात, लष्करी वस्तीत, खोली केली. बापलेक एकाच गावात राहून एकमेकांना चुकवत राहिले. शेवटी तापानं फणफणलेल्या गुंडूला टांग्यात घालून मनुबाईनंच अनगोळला सासऱ्यांच्या घरी आणलं. तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता. जे बोलायचं ते दोघांचंही राहून गेलं.

राख सावडायच्या दिवशी कावळा शिवेना. भाताचा गोळा, पुरी, गुंडूला आवडणारी अळूची भाजी, सगळं पानावर मांडलं होतं. चिंचेवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. लोक एकेक करून गुंडूला शब्द देऊ लागले. मनुबाईचा भाऊ रवळू म्हणाला, मनूला मी माघारी जांबोटीला नेतो, तिला काही कमी पडू देणार नाही. कावळे हलले नाहीत. ऊन वर चढलं. कुणीतरी म्हणालं, आता दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळे व्हा.

तेव्हा मारुतीराव पुढं झाले. हात जोडून सगळ्यांदेखत म्हणाले, "गुंडू, तुझं मेंडोलिन मी वाजवीन रं. पर शिव."

एक कावळा खाली आला आणि त्यानं भाताला चोच लावली.

तेव्हापासून अनगोळात लोकांची करमणूक होऊ लागली. उभी हयात खाली मान घालून फायली लिहिलेला माणूस दात हलायला लागल्यावर वाद्य शिकतो, म्हणजे पोरगा गेल्यावर डोकं फिरलं असणार. मारुतीराव कॅम्पात कायतान मास्तरांकडे चालत जात. गुंडूही त्यांच्याकडेच शिकला होता. पहिल्या दिवशी मास्तरांनी तारा दाखवल्या. "तारा आठ, पण सूर चार. दोन-दोन एकदम बोलतात. कुठली बोलली ते वाजवणाऱ्यालासुद्धा कळत नाही."

बोटं ऐकेनात. तरी मारुतीराव रोज दुपारी परसात बसत आणि गुंडूची एकच चाल घोटत. ती निम्म्यावर येऊन अडे. मग त्यांना मागच्या उंबऱ्यावर कुणीतरी बसलंय असं वाटे. वळून बघायची छाती होत नसे. शब्द पुरा होईपर्यंत गुंडू उंबऱ्यावरून हलणार नाही आणि आपल्याला क्षमा करणार नाही, अशी त्यांची खात्रीच झाली होती. जेवण मात्र वेळेवर होई. मनुबाई ताट वाढून म्हणे, "आप्पा, जेवा. मग वाजवायचं हाय न्हवं?" आणि ते निमूट जेवत.

भात कापणी झाल्यावर रवळू गाडी जुंपून आला.

"आप्पा, मनूला न्यायला आलोय. शब्द दिलता म्या."

मारुतीरावांनी स्वतः तिचं गाठोडं बांधलं आणि गाडीत ठेवलं. मग मेंडोलिन घेऊन बसले. निघताना तरी तिनं चाल पुरी ऐकावी, असं त्यांना फार वाटत होतं. चाल निम्म्यावर आली आणि अडली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडली. भिंतीवर कावळाही नव्हता. मारुतीरावांना रडू आवरेना.

"न्हाय जमत, मनू. त्यो मला सोडायचा न्हाय. तू जा बाई. माझ्या शब्दात तू कशाला अडकतीस?"

मनुबाई गाडीकडे गेली. तिनं गाठोडं उतरवलं आणि उंबऱ्यावर आणून ठेवलं. रवळू बघतच राहिला.

"आप्पा, कावळा तुमच्या शब्दानं शिवला, असं तुम्हास्नी कुणी सांगितलं?"

"समद्यांनी बघितलं की."

"तुम्ही बोलत हुता तवाच म्या बी बोललेते. मनात." ती उंबऱ्यावर गाठोड्याशेजारी बसली. "आजवर सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तुम्ही वाजवायचं सोडलं असतं, आन् जेवायचं बी."

"काय बोललीस?"

"तापात त्यांना तुमचाच घोर लागलाय, ह्ये मला कळत हुतं, आप्पा. म्हणून म्हटलं, आप्पास्नी मी एकटं टाकायची न्हाय. माझं मनातलं पुरं व्हायच्या आत कावळा खाली आलता."