पेटी चालवणारी

द्रानेच्या सुनेचं बाळ सातव्याच महिन्यात जन्मलं. अल्बानियातल्या आमच्या डोंगरगावच्या दवाखान्यात अशा बाळांसाठी नवी काचेची पेटी होती, एका श्रीमंत देशाच्या सरकारनं दिलेली. पण ती चालवणारी एकुलती एक नर्स वलमिरा नोकरी सोडून गेली होती. बाळाला अँब्युलन्सनं राजधानीत, तिरानाला हलवलं. घाटातच ते गेलं.

पुढच्याच आठवड्यात त्या देशाच्या राजदूतबाई पेटीवर आपल्या सरकारच्या नावाची पाटी लावायला आल्या. टाळ्या थांबल्या तशी काळा रुमाल बांधलेली द्राने उठून पुढे आली.

"पाटी इथं कशाला लावताय? माझ्या नातवाच्या थडग्यावर लावा."

राजदूतबाईंनी डॉक्टर ल्युआनकडे पाहिलं. पेटी चालवायला कुणीच नव्हतं म्हणून बाळ गेलं, असं डॉक्टरांनी खालच्या आवाजात सांगितलं.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी द्रानेचा हात हातात घेतला. "फार वाईट झालं, आजी. नुसती यंत्रं देऊन भागत नाही, माणसंही शिकवावी लागतात. डॉक्टर, तुम्ही एक हुशार नर्स निवडा. तिला तयार करायचा सगळा खर्च आमचं सरकार करेल."

द्रानेनं हात सोडवून घेतला.

"वलमिरालाही तुमच्याच सरकारनं तयार केलं होतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "मग चौपट पगार देऊन तुमच्याच सरकारी दवाखान्यानं तिला नेलं.

"हल्ली ती तुमची बाळं वाचवते."